मिशन ट्रिपवर परदेशात झालेल्या फजित्या सांगा, आम्ही केनियाला निघालोय

नगरचा_तरुणसंघ:
सगळ्यांना सलाम. ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) एक गट केनियाला जातोय. तिथल्या एका मंडळीनेच बोलावलंय. त्यांच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, म्हणून मुलांची बायबल शाळा घ्यायची, शाळेच्या खोल्यांना रंग द्यायचा आणि संध्याकाळी भजनं. गटात तरुण संघाची पोरं आहेत आणि महिला मंडळातल्या काही मावश्या आहेत, त्यातल्या बऱ्याच जणींनी विमान फक्त डोक्यावरून जाताना बघितलंय. त्या जाम घाबरल्यात.

आधी जाऊन आलेल्यांचे रिपोर्ट उपासनेनंतर पडद्यावर बघितले. त्यात सगळे हसतायत, लहान मुलं हात हलवतायत आणि कुणाला कधी काही झालेलंच नाही. पण नंतर चहाला उभं राहिलं की तीच माणसं बॅग कुठे गेली, बस कशी चुकली, कोण कुठे अडकलं हे सांगायला लागतात आणि मावश्या पोट धरून हसतात. मला ते चहाचं ऐकायचंय. म्हणजे आमच्या लोकांची भीती जाईल आणि तयारी पण होईल.

आणि माझं एक ठाम मत आहे. अशा वेळी तिथल्या लोकांनी आपल्याला कसं सांभाळलं हे मंडळीत उभं राहून सांगायलाच पाहिजे, आपण तिकडे काय दिलं त्याच्या आधी.

मिरजेची_सिस्टर:
सगळ्यात आधी स्वेटर. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून आमच्या गटातल्या सगळ्यांनी सुती कपडे घेतले होते. नैरोबी साधारण १,८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच, आणि जून ते ऑगस्ट तिथला थंडीचा काळ. आम्ही उतरलो ते पहाटे. बाहेर आलो तर न्यायला आलेले लोक जाकीट, कानटोपी घालून उभे आणि आम्ही कुडकुडतोय. ज्या गरजूंना वाटायला म्हणून आम्ही गोधड्या नेल्या होत्या त्या पहिल्या रात्री आम्हीच पांघरल्या. दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या बायकांनी स्वतःच्या घरातली ब्लँकेटं आणून दिली आणि म्हणाल्या आता त्या गोधड्या मोकळ्या करा. त्या बायकांना बघून मला रडू आलं होतं, खरंच सांगते.

दुसरं, पिवळ्या तापाची लस. प्रवासाच्या कमीत कमी १० दिवस आधी घ्यावी लागते, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रातच मिळते, आणि एकदा घेतली की ते कार्ड आता आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्या मावश्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. कार्ड केनियात जितकं लागेल त्यापेक्षा परत येताना मुंबईत जास्त लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आमच्यातल्या एका काकांनी कार्ड जपून ठेवायचं म्हणून मोठ्या बॅगेत अगदी तळाशी ठेवलं होतं. आणि कार्ड बघणारं टेबल येतं बॅगा मिळायच्या आधी! काका सांगतायत कार्ड आहे हो, आतल्या बॅगेत आहे, आणि बॅग त्या पट्ट्यावर फिरतीये. शेवटी तिथल्या एका कर्मचाऱ्याने बॅग आणून दिली. काकांनी सगळ्यांसमोर बॅग उघडली, वर मळलेले कपडे, त्याखाली चहाची पाकिटं, त्याखाली लाकडी जिराफ, त्याच्या पायात अडकलेलं कार्ड.

पिंपळाखाली:
सामान मागे राहण्याची परंपरा फार जुनी आहे हो. बायबलात प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पत्रात लिहिलंय ना, त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये म्हणून. पुस्तकं पण तिथेच राहिली होती.

मिरजेची_सिस्टर:
@पिंपळाखाली, हो, आणि पुढेच लिहिलंय की हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर! म्हणजे स्वेटरचाच प्रश्न.

चिंचवडची_मावशी:
मी आमच्या महिला मंडळाबरोबर गेले होते म्हणून मावश्यांसाठी मुद्दाम लिहिते. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नेऊ नका. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून बंदी आहे आणि साधीसुधी नाही, दंड ४० लाख शिलिंगपर्यंत आणि तुरुंगपण आहे. आम्हाला हे विमानात कळलं, शेजारी बसलेल्या एका केनियन बाईंनी सांगितलं. आता आपल्या बायकांचं सामान कसं असतं तुम्हाला माहितीच आहे. चकलीला एक पिशवी, लाडवाला एक, चपलांना एक, ओल्या टॉवेलला एक, आणि मोकळ्या पिशव्या घडी करून त्रिकोण केलेल्या त्या वेगळ्या.

उतरल्यावर सामान मिळालं तिथेच आम्ही सगळ्याजणी खाली बसलो आणि पिशव्या रिकाम्या करायला लागलो. लाडू कशात ठेवायचे? ओढणीत. चकल्या साडीत गुंडाळल्या. शेंगदाण्याची चटणी कुठेच ठेवता येईना तर एकीने रिकामी केलेली पाण्याची बाटली पुढे केली, आणि कागदाची पुंगळी करून आम्ही चटणी त्या बाटलीत भरली, विमानतळावर, जमिनीवर बसून. तिथली ड्युटीवरची पोरगी आली, आम्हाला वाटलं आता ओरडणार. तिने काय केलं, आतून कागदी पिशव्यांचा गठ्ठा आणला आणि आमच्याबरोबर बसून भरायला लागली. तिला लाडू दिला. ड्युटीवर खाता येत नाही म्हणाली, रुमालात बांधून घेतला.

तेव्हापासून आमच्या मंडळात सगळ्याजणी कापडी पिशव्या शिवतात. जुन्या साड्यांच्या. पुढच्या वेळी त्याच भेट म्हणून नेल्या तर तिकडच्या बायकांना फार आवडल्या.

सांगलीकर_पाहुणा:
माझ्याकडे कोंबड्याची गोष्ट आहे, जरा लांबण लागेल.

पश्चिम केनियात काकामेगाच्या बाजूला एका खेड्यात रविवारची उपासना. तिकडे उपासना म्हणजे तीन-साडेतीन तास धरून चाला, आणि एकालाही कंटाळा येत नाही कारण अर्धा वेळ सगळे उभे राहून गातात आणि नाचतात. दानाच्या वेळी ज्यांच्याकडे पैसे नसतात ते शेतातलं आणतात, कणसं, अंडी, केळीचा घड, रताळी, कोंबड्या. आणि उपासना संपली की बाहेर अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. पैसे मंडळीच्या पेटीत. आपल्याकडे हंगामाच्या सणाला काही ठिकाणी असंच करतात, तसंच.

आम्हाला लिलाव चालू झालाय हे कळलंच नव्हतं. आमच्यातल्या एक मावशी, कडक स्वभावाच्या, कायम डोक्यावर पदर, त्यांना समोर एका आईच्या पाठीवर बांधलेलं गुटगुटीत बाळ दिसलं. बाळ हसलं तसं मावशींनी हात वर करून हलवला. लिलाव करणारे मंडळीतले वडीलधारे ओरडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींना वाटलं पाहुण्यांचं स्वागत चाललंय, त्यांनी अजून जोरात हात हलवला. म्हणजे स्वतःच्याच बोलीवर स्वतःच चढवलं! एक मिनिटात एक पोरगा आला आणि मावशींच्या हातात पाय बांधलेला, चांगला अडीच-तीन किलोचा लाल कोंबडा. मागून दुसरा पोरगा आला पैसे मागायला, आठशे शिलिंग.

मावशींनी दिले. पण कोंबडा धरून करायचं काय, तर त्या म्हणाल्या हा माझ्याकडून पुन्हा दान. झालं, पुन्हा लिलाव. या वेळी चढाओढ लागली कारण पाहुण्या बाईंचा कोंबडा! एका तरुण शिक्षकाने बाराशेला घेतला. आणि घेतल्या घेतल्या तो चालत आला आणि भेट म्हणून मावशींच्याच हातात दिला. अंगणभर लोक हसतायत, मावशी हसतायत, कोंबडा फडफडतोय.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या पाळकांच्या (पास्टरच्या) घरी रात्री तोच कोंबडा शिजला, उगाली बरोबर. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने तोडून रश्श्यात बुडवून खायचा. त्या भागात कोंबडी म्हणजे मोठा पाहुणचार, आणि पेटा (कोंबडीच्या पोटातला जाड, चिवट भाग) घरातल्या कर्त्या पुरुषाच्या ताटात जातो, तो त्याचा मान असतो. त्या दिवशी पाळकांनी स्वतःच्या ताटातला पेटा उचलून मावशींना वाढला. मावशी नुसत्या बघत राहिल्या. मग अर्धा खाल्ला आणि अर्धा पाळकांच्या बायकोला दिला. त्या घरात त्या माउलीने तो कधी खाल्ला होता की नाही कोण जाणे.

पेटीवाला_कोल्हापूर:
हाहाहा, "स्वतःच्याच बोलीवर" वाचून घरात मोठ्याने हसलो, बायकोने येऊन विचारलं काय झालं.

जालन्याहून:
@सांगलीकर_पाहुणा सुंदर लिहिलंत. तो शिक्षक ग्रेट.

खरडवही:
एक वेगळं मत मांडू का, राग मानू नका. मी मंडळीच्या कमिटीवर हिशेबाचं काम बघते. गटातल्या सगळ्यांच्या विमानाच्या तिकिटांचे पैसे एकत्र केले तर तिकडच्या शाळेच्या खोल्यांना रंगच काय, नवं छप्पर होईल, आणि रंग द्यायला तिथलेच रंगारी लावले तर त्यांना कामही मिळेल. आपली पोरं घरी स्वतःच्या खोलीला रंग देत नाहीत. मग एवढा खर्च करून जायचं कशाला? गंमत म्हणून ठीक आहे पण दानाचे पैसे आहेत ते.

नगरचा_तरुणसंघ:
ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि आमच्याही कमिटीत हाच वाद झाला. आम्ही असं ठरवलंय की प्रत्येकाने तिकीट स्वतःचं काढायचं, ज्याला जमत नाही त्याच्यासाठी तरुण संघाने वडापावचे स्टॉल लावून पैसे जमवलेत. मंडळीचं दान सगळंच्या सगळं तिकडच्या शाळेला. पण रंगाऱ्यांचा मुद्दा मला सुचला नव्हता. तिकडच्या पाळकांना आजच विचारतो.

डॉक्टरकाकी:
@खरडवही यांच्याशी मी बरीचशी सहमत आहे. मी मेडिकल कॅम्पला गेलेली आहे. परदेशात जाऊन तपासायचं असेल तर तिथल्या मेडिकल कौन्सिलची तात्पुरती परवानगी लागते, केनियात तर लागतेच, आणि ती मिळवायला वेळ जातो. आमची कागदपत्रं वेळेत आली नाहीत. म्हणजे डॉक्टर हजर, स्टेथोस्कोप हजर, औषधं कस्टममध्ये, आणि हात लावायची परवानगी नाही. मग काय केलं? तिथल्या दवाखान्यातल्या क्लिनिकल ऑफिसरबाई (डॉक्टर नाहीत, पण पेशंट तपासून औषध द्यायचं शिक्षण घेतलेल्या) दिवसभर पेशंट बघत होत्या आणि आमच्यातले सर्जन लाईन लावत होते, मी केसपेपर लिहीत होते, आणि आमचे दातांचे डॉक्टर पोरांना दात कसे घासायचे ते दाखवत होते, मगरीचं एक मोठं खेळणं घेऊन. पोरांनी ते मगरीचे दात इतके घासले की रंग गेला.

पण त्या बाईंचं काम जवळून बघितलं आणि मला जे कळलं ते कॅम्प घेऊन कळलं नसतं. ब्लडप्रेशरच्या माणसाला आम्ही महिन्याच्या गोळ्या देऊन परत येणार, पुढच्या महिन्यात त्याने कुठे जायचं? त्या बाई मात्र वर्षभर तिथेच. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल काढलं आणि ते कितीतरी वर्षं इथे राहिले, म्हणून ते उभं राहिलं. आपण थोड्या दिवसांसाठी जाणार असू तर जे कायम तिथे आहेत त्यांच्या हाताखाली काम करायचं, एवढं ठरवून जावं. मग तिकिटाचे पैसे वाया जात नाहीत असं माझं मत.

जुन्या_फायली:
मिरजेचा विषय निघाला म्हणून थोडं मागे जातो. आपल्या मराठी मिशनची सुरुवातच एका प्रवासातल्या घोळातून झाली. १८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून पहिली मिशनरी तुकडी निघाली, दोन वेगवेगळ्या जहाजांतून. एकात जडसन आणि न्यूवेल, दुसऱ्यात हॉल, नॉट आणि राईस. पाठवणारं मंडळ काँग्रेगेशनल, म्हणजे लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणारं. जडसनने विचार केला की बंगालात मिशनरी केरीसाहेबांच्या बाप्तिस्त लोकांशी (मोठेपणी, विश्वास ठेवल्यावरच बाप्तिस्मा देणारे) गाठ पडणार, वाद झाला तर उत्तर देता आलं पाहिजे, म्हणून जहाजावर बसून अभ्यास केला. अभ्यास इतका मनापासून केला की त्यालाच समोरच्यांचं म्हणणं पटलं! कलकत्त्याला उतरल्यावर त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजातून आलेल्या राईसनेही तेच केलं. इकडे अमेरिकेत ज्यांनी पैसे गोळा करून पाठवलं त्यांना हे पत्राने कळलं, तेही कित्येक महिन्यांनी. @खरडवही ताई, त्या काळच्या हिशेबनिसाचा विचार करा.

ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्यांना चालते व्हा म्हणून हुकूम काढला. हॉल आणि नॉट कसेबसे मुंबईच्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. इथेही तेच, परत पाठवायची तयारी. मग ते गुपचूप सिलोनकडे निघाले तर कोचीनला पकडून पुन्हा मुंबईत आणले! शेवटी राहायची परवानगी मिळाली. पुढे १८३१ ला नगरचं काम सुरू झालं ते याच मिशनचं. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि तिथे बर्मी बायबल केलं.

न्यूवेलची बायको हॅरिएट मात्र या धावपळीत मॉरिशसला वारली, अवघी एकोणीस वर्षांची. तिचं नाव या विषयात घेतलंच पाहिजे.

वसईचा_जोसेफकाका:
जुन्या फायली, मस्त. आमच्या वसईचं पण सांगतो. संत गोन्सालो गार्सिया, वसईत जन्मलेला, जपानला गेला. आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. जपानी इतकी चांगली यायची की जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारात दुभाषा म्हणून उभा राहिला. १५९६ ला एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं, त्यातून मिशनऱ्यांबद्दल संशय वाढत गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं, त्यात हा आमचा माणूस. १८६२ ला संतपद मिळालं. इथे हसायचा धागा आहे मला कळतंय, पण आमच्याकडच्या पोरांना मी सांगतो की जायच्या आधी त्याचं नाव घेऊन जा.

पिंपळाखाली:
काका, बरं केलंत सांगितलंत.

देवळाली_कॅम्प:
नेपाळची फजिती चालेल का? परदेशच आहे. २०१९, ईस्टर होता २१ एप्रिलला, तो झाल्यावर आम्ही निघालो. मुंबई-गोरखपूर ट्रेन, तिथून सोनौली बॉर्डर.

पहिला झटका बॉर्डरवर. तेव्हा नेपाळने शंभरच्या वरच्या भारतीय नोटा बंद केल्या होत्या आणि आमच्या खजिनदाराकडे सगळ्या पाचशेच्या कोऱ्या करकरीत. अख्खी सोनौली फिरून सुट्टे केले. शंभराची बंडलं खिशात मावेनात तर कीर्तनाच्या डफाच्या पिशवीत भरली. रात्रभर बसमध्ये तो माणूस डफ मांडीवर घेऊन बसला, झोपलाच नाही.

दुसरा झटका. काठमांडूहून पोखऱ्याचं बसचं तिकीट आलं त्यावर तारीख १४ वैशाख २०७६. आमच्या एक काकू म्हणाल्या, अगोबाई, अजून तर चैत्रच चालू आहे, अक्षय तृतीया ७ मेला, म्हणजे हे तिकीट पार पुढच्या महिन्याचं! बसमध्ये दोन मिनिटं सगळे गप्प. खजिनदार सुट्टे मोजायला लागला की महिनाभर पुरतील का. नंतर हॉटेलच्या पोऱ्याने समजावलं की त्यांचा वैशाख सूर्यावर चालतो, १४ एप्रिलच्या सुमाराला सुरू होतो, तुमचं तिकीट शनिवारचं २७ एप्रिलचं आहे, झोपा आता.

आणि खरी मजा पुढे. आम्ही मुद्दाम शनिवारी प्रवास ठेवला होता, रविवारी सकाळी उपासनेला उभं राहायचं म्हणून. रस्ता खराब, ट्रॅफिक, संध्याकाळी पोहोचलो. रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून चर्चला गेलो तर कुलूप. रस्त्यावर पोरं शाळेला चाललेली, माणसं ऑफिसला. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी, म्हणून उपासनाही शनिवारी! आख्खी मंडळी आदल्या दिवशी हार घेऊन आमची वाट बघत बसली होती आणि आम्ही तेव्हा बसमध्ये भडंग खात होतो.

पण ऐका, तिथल्या पाळकांनी फोन फिरवले आणि रविवारी संध्याकाळी कामावरून सुटून लोक आले. कोणी गणवेशात, कोणी हातात भाजी. आदल्या दिवशीचे झेंडूचे हार पाण्यात ठेवून जपले होते, तेच आमच्या गळ्यात घातले. घड्याळपण तिथे आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, त्यामुळे तेव्हाही उशिरा आम्हीच.

जालन्याहून:
डफात पैसे हाहाहाहा

काठमांडूला_पोस्टिंग:
देवळालीकरांनी छान लिहिलंय. एक गंभीर गोष्ट जोडतो कारण हा धागा बघून उद्या कोणीतरी उत्साहाने निघेल. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात धर्मांतर करवण्याला मनाई आहे आणि नव्या फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला शिक्षा झाल्यावर देशाबाहेर काढतात. पत्रकं वाटणं, चौकात उभं राहून प्रचार, हे करू नका. तुम्ही परत याल, त्रास तिथल्या छोट्या मंडळीला होईल. भेटायला, सोबत प्रार्थना करायला, कामात हात लावायला जा, आणि काय करायचं ते तिथल्यांना विचारून. २०१५ च्या भूकंपानंतर, तोही शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराला झाला होता, उपासनेची वेळ, आमच्याकडून गेलेल्या पोरांनी नुसते पत्रे वाहिले. अजून तिथे त्यांची आठवण काढतात.

नगरचा_तरुणसंघ:
हे महत्त्वाचं आहे, धन्यवाद. केनियात तसा कायदा नाही पण आम्हीही ठरवलंय की यजमान सांगतील तेच करायचं. २०२४ पासून तिकडे व्हिसाऐवजी ईटीए (प्रवासाच्या परवानगीचा अर्ज) ऑनलाईन भरायचा आहे, त्यात जायचं कारण जे आहे तेच लिहिलंय.

पेटीवाला_कोल्हापूर:
आता माझी. नावावरून कळलंच असेल, मी गटाबरोबर पेटी घेऊन गेलो होतो. नैरोबीला स्कॅनरमधून पेटी गेली आणि मशीन थांबलं. पडद्यावर काय दिसलं असेल विचार करा, लाकडी खोका, आत पितळेच्या बारीक पट्ट्यांच्या रांगा, स्प्रिंगा, तारा. तीन ऑफिसर जमले. हे काय? म्हटलं वाद्य. वाजव म्हणाले. तिथेच जमिनीवर मांडी घातली, भाता उघडला आणि आपलं नेहमीचं भजन धरलं, आमच्या पोरांनी टाळ काढले. मागच्या लाईनमधले लोक आधी वैतागले होते, नंतर टाळ्यांचा ताल धरला. मोठ्या ऑफिसरने दुसरं कडवं संपेपर्यंत थांबवलं नाही, मग स्टिकर लावला आणि म्हणाला आमच्या चर्चमध्ये पण या.

पुढची गंमत मटाटूमध्ये. मटाटू म्हणजे तिकडची वडाप (शेअर गाडी), रंगवलेली, आत मोठ्याने गाणी. पेटी मागच्या सीटवर उभी ठेवली होती आणि भात्याची कडी प्रवासात मोडली होती. त्यात एक पट्टी खाली अडकून बसलेली. प्रत्येक खड्ड्याला भाता उघडायचा आणि पेटी लांब "सा" लावायची. खड्डा, सा. खड्डा, सा. ड्रायव्हरने गाणी बंद केली आणि खड्डे शोधून त्यातून गाडी घालायला लागला! गाडीतली सगळी माणसं प्रत्येक "सा"ला बरोबर सूर लावायला लागली, आणि तिकडचे लोक असे गातात की दुसऱ्या खड्ड्याला वरचा सूर, तिसऱ्याला खालचा. मी इतकी वर्षं वाजवतोय पण असं कधी ऐकलं नव्हतं.

कडी एका सायकलवाल्याने तारेने बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. ती तार मी अजून काढलेली नाही, तशीच पेटी वाजवतो.

दारेसलाम_पुणेकर:
मी टांझानियात नोकरीला आहे, इकडे येणाऱ्या गटांना मदत करतो. घड्याळाचं सांगून ठेवतो. स्वाहिलीत वेळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. म्हणजे आपल्या घड्याळात सहा मिळवायचे किंवा वजा करायचे. एका गटातल्या मुलीने येण्याआधी ॲपवर स्वाहिली आकडे पाठ केले होते, हुशार पोरगी. ड्रायव्हरचा मेसेज आला, उद्या चौथ्या तासाला येतो. तिने सगळ्यांना सांगितलं पहाटे चार. सगळे साडेतीनला आंघोळ करून, बॅगा घेऊन फाटकावर. राखणदाराला वाटलं काहीतरी वाईट बातमी आलीये, त्याने यजमानांना उठवलं. त्यांनी चहा केला, म्हणाले अजून सहा तास आहेत, तुम्ही उठलाच आहात तर आमची पहाटेची प्रार्थना असते तिला चला. गटातल्या पोरांनी नंतर सांगितलं की अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात चांगली सकाळ तीच. ड्रायव्हर दहाला आला, बरोबर वेळेवर.

केनियात इंग्रजीत बोलताना आपल्यासारखीच वेळ सांगतात, पण मेसेज स्वाहिलीत असेल तर विचारून घ्या.

अलिबागची_सून:
माझी मिशन ट्रिप नाही, पवित्र भूमीची यात्रा, पण लिहितेच. बेरशेबाजवळ शुक्रवारी दुपारी आमच्या गाडीचा टायर गेला. शब्बाथ (ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्तापासून) जवळ आलेला, दुकानं धडाधड बंद, बस बंद. आम्ही रस्त्याच्या कडेला मराठीत एकमेकींवर ओरडतोय की तरी सांगत होते लवकर निघा. समोरच्या इमारतीतून एक आजी खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "काय गं पोरींनो, कुठनं आलात?" आमचं तोंड उघडंच! बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू, मूळच्या आमच्या अलिबागकडच्या, लहानपणी आईबापांबरोबर तिकडे गेलेल्या. वर घेऊन गेल्या. शब्बाथला चूल पेटवत नाहीत पण आदल्या दिवशीचं सगळं गरम तव्यावर ठेवलेलं असतं, त्यातलं वाढलं. नारळाच्या दुधातली कोंबडी होती, चव थेट माझ्या सासूच्या हातची.

आणि हो, लिफ्ट! नंतर हॉटेलात एका दादांनी लिफ्टमध्ये बटण दाबलं नाही तरी ती प्रत्येक मजल्यावर थांबत गेली, दार उघडायचं, कोणी नाही, बंद व्हायचं. दादा घाबरून स्तोत्र म्हणत उतरले आणि जिन्याने गेले, नवव्या मजल्यापर्यंत. शब्बाथची लिफ्ट तशी आपोआपच चालते, कुणाला बटण दाबावं लागू नये म्हणून.

खरडवही:
सगळं वाचलं. पैशांबद्दलचं माझं मत अजून तेच आहे, पण डॉक्टरकाकींचं हाताखाली काम करण्याचं पटलं. आणि तरुण संघाने तिकडे विचारलं का रंगाऱ्यांचं?

नगरचा_तरुणसंघ:
विचारलं ताई. पाळकांनी कळवलंय की गावात दोन रंगारी आहेत, तेच काम करतील, मजुरी आपल्या दानातून, आणि आमच्या पोरांनी त्यांच्याबरोबर खरवडायचं आणि पहिला हात मारायचा. तुमच्यामुळे झालं हे.

मावश्यांना काल हा सगळा धागा वाचून दाखवला. कोंबड्याची गोष्ट दोनदा वाचावी लागली. भीती बरीच गेलीये. सगळ्याजणी कापडी पिशव्या शिवायला बसल्यात, लसीची तारीख घेतलीये, कार्ड गळ्यातल्या पाकिटात ठेवणार. लिलाव चालू असताना हात खाली ठेवायचे हे सगळ्यांना बजावलंय, पण एक मावशी म्हणतात मी तर मुद्दाम वर करणार.

आता त्यांचा एकच प्रश्न उरलाय. ज्वारीचं पीठ न्यावं का? दहा-बारा दिवस भाकरीशिवाय राहायची तयारी नाही.

चिंचवडची_मावशी:
पीठ नेऊ नका, वजन कशाला. तिकडे ज्वारी होते, म्टामा म्हणतात, बाजारात पीठही मिळतं, फक्त लालसर असतं आणि जरा जाडं, त्यामुळे उकळत्या पाण्यात उकड काढून मळा नाहीतर थापताना चिरते. चूल म्हणजे जिको, कोळशाची छोटी शेगडी, आच फार लागते म्हणून तवा जरा उंचावर धरा. आणि तुम्ही करायला बसलात की घरातल्या बायका येऊन बसतीलच, त्यांनाही थापायला द्या. चपाती त्यांना उत्तम येते बरं का, तिकडे घरोघरी करतात, तेलाची, पदर सुटलेली. त्यांच्याकडून ती शिकून घ्या.

मिरजेची_सिस्टर:
तवा मात्र न्या. लोखंडी. हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत, नाहीतर स्कॅनरवर पेटीवाल्यांसारखं करून दाखवावं लागेल.